थरापेक्षा जुना मणी

कबरीत काचेचा मणी सापडला की उत्खनन करणाऱ्याला हायसे वाटते. काच कुजत नाही, आणि मण्यांची घडण, रंग, काचेची जात काळागणिक बदलत गेली आहे. पण मणी खात्रीने एवढेच सांगतो की कबर त्याच्या घडणीआधीची नाही. किती नंतरची, याबद्दल तो गप्प असतो. माळ आईकडून लेकीकडे, तिच्याकडून नातीकडे जात राहते, आणि मणी ज्या थरात शेवटी पडतो त्याहून कितीतरी जुना असू शकतो.

असे मणी आजही घराघरांत आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या वेंडा लोकांचे ‘वुलुंगु हा मादी’, म्हणजे पाण्याचे मणी, पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर जुनी काच धन म्हणून हातोहात फिरते. तिमोरकडच्या ‘मुतिसाला’ या तांबूस मण्यांचे पाहा: नाव एकच, पण काही सोडायुक्त काचेच्या नळीतून ओढून कापलेले, तर काही शिसे असलेल्या काचेचे, सळईवर गुंडाळून केलेले. परंपरा आणि काळ दोन्ही वेगळे. घरच्या नावावर विसंबून तारीख लावली तर शेकडो वर्षांची गफलत होते.

वर्गीकरणाची सुरुवात घडणीपासून झाली. १९२८ मध्ये होरेस बेक यांनी मण्यांच्या आकारांची पद्धतशीर परिभाषा मांडली. १९७० मध्ये केनेथ आणि मार्था किड यांनी काचेच्या मण्यांसाठी खास क्षेत्रकार्यात वापरता येईल अशी पद्धत दिली. ओढलेल्या मण्यात बुडबुडे आणि रेघा भोकाला समांतर धावतात, गुंडाळलेल्यात भोकाभोवती फिरतात. एवढे साध्या भिंगातून दिसते, आणि माझ्या मते आजही कोणत्याही यंत्राआधी हेच पाहावे.

कॅनडातल्या ऑन्टारियोत १९८० च्या दशकात युरोपीय व्यापाऱ्यांनी १६व्या-१७व्या शतकांत आणलेल्या मण्यांचे कालखंड पाडण्यात आले. पुढे रसायनशास्त्राने त्यांना बळ दिले. पांढरी काच अपारदर्शक करायला १७व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कथिल वापरत, मग अँटिमनी आले, आणि १९व्या शतकात आर्सेनिक. आर्सेनिकच्या मण्यांत कथिलाचा एखाददुसरा पांढरा मणी निघाला, तर तो जपलेला असण्याची शक्यता मोठी. थराची तारीख मात्र सर्वांत नव्या मण्याने ठरवायची. झिजेची साक्षही घेतात: दोऱ्याने रुंदावलेले भोक, शेजारच्या मण्याशी घासून सपाट झालेली टोके. पण मातीत काच क्षरते, त्यामुळे नुसत्या झिजेवर निकाल देऊ नये.

उलटी चूकही झाली आहे. ऑन्टारियोतल्या वेंडाट या मूळ रहिवाशांच्या काही जुन्या गावांत युरोपीय वस्तू फारच थोड्या सापडल्या, म्हणून ती गावे युरोपीय माल पोचण्याच्या सुरुवातीच्या काळातली मानली गेली. २०१८ मध्ये नव्या कार्बनमापनाने, म्हणजे सेंद्रिय अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याने, त्यांपैकी मँटल हे गाव अर्ध्या शतकाहून अधिक अलीकडचे ठरले. म्हणजे वस्तू सगळीकडे सारख्या पोचल्याच नव्हत्या.

अलास्कातल्या पुनयिक पॉइंटच्या निळ्या मण्यांचा वाद याच जातीचा. त्यांच्यासोबतच्या तांब्याच्या दागिन्यावरचा वनस्पतीचा दोरा १५व्या शतकातला निघाला, आणि २०२१ मध्ये मणीही कोलंबसाच्या आधी तिथे पोचले असा दावा झाला. हा प्रकार त्यानंतरच्या व्हेनिसच्या कारखान्यांचा आहे, अशी हरकत मण्यांच्या अभ्यासकांनी घेतली. दोऱ्याची तारीख दोऱ्याची, मण्याची नव्हे. मला ही हरकत पटते, कारण सोबत सापडलेल्या वस्तू एकाच वयाच्या असतात हे गृहीतकच पिढीजात वस्तूंपुढे टिकत नाही.

एक गोष्ट उत्खननाच्या जागीच सुधारता येते. ६ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून दोन-तीन मिलिमीटरचे मणी मातीबरोबर निघून जातात. उरतात ते मोठे, नजरेत भरणारे, आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या जपतात तेही बहुधा असेच. ज्या बारीक मण्यांनी थराची तारीख नेमकी ठरली असती, ते राडारोड्याच्या ढिगात पडलेले असतात.