कबुतराची शीट लाकडावरून काढायचीय? आधी भिजू द्या, आणि व्हिनेगर कपाटातच ठेवा

खिडकीच्या लाकडी चौकटीवर कबुतरं रोज येऊन बसली की काय होतं हे मुंबई-पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बहुतेक घरांत ती शीट वाळून टणक होईपर्यंत कुणी हात लावत नाही आणि मग एक दिवस चाकू नाहीतर पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडायला बसतात, किंवा कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून व्हिनेगर ओततात. खरवडण्याने रंग जातो आणि धूळ छातीत जाते, व्हिनेगरने काम फारसं होतच नाही. असं का, हे कळायला ती पांढरी गोष्ट मुळात आहे काय ते बघायला हवं.

पक्ष्यांची शी आणि शू एकाच वाटेने एकत्र बाहेर पडते. काळपट-हिरवट भाग ही शी, आणि भोवतीचा पांढरा लगदा म्हणजे त्यांची लघवी. शरीरात नको असलेला नायट्रोजन आपण युरिया करून भरपूर पाण्याबरोबर बाहेर टाकतो, पक्षी मात्र पाणी वाचवतात आणि तोच नायट्रोजन युरिक ॲसिड आणि त्याचे क्षार म्हणजे युरेट या रूपात टाकतात. आता फरक बघा, लिटरभर गार पाण्यात युरिया किलोभर सुद्धा विरघळतो, आणि युरिक ॲसिड विरघळतं जेमतेम ६० मिलिग्रॅमच्या आसपास! म्हणून बादलीभर पाणी मारलं तरी काळं निघून जातं आणि पांढरा डाग तसाच राहतो.

हेच युरिक ॲसिड माणसाच्या रक्तात वाढलं की गाऊट होतो, सांध्यात टोचणारे स्फटिक युरेटचेच असतात. आणि मूत्रपिंडात युरिक ॲसिडचा खडा झाला की डॉक्टर बऱ्याचदा सायट्रेटचं औषध देतात, त्याने लघवीतली आम्लता कमी होते आणि खडा विरघळायला मदत होते. आपल्या खिडकीवरही केमिस्ट्री तीच आहे. आम्ल वाढवलं तर युरिक ॲसिड अजूनच अडून बसतं, थोडं अल्कलीकडे नेलं तर सैल पडतं. व्हिनेगर आणि लिंबू नळाच्या पाण्याच्या पांढऱ्या क्षारावर छान चालतात, आणि शीट पण पांढरीच दिसते म्हणून लोक तोच उपाय इथे करतात, पण पदार्थच वेगळा आहे हो.

मग काय वापरायचं, तर लिटरभर कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब आणि चमचाभर खायचा सोडा. धुण्याचा सोडा नको आणि कॉस्टिक तर अजिबात नको, कारण दारं-खिडक्यांना आपण जो ऑईल पेंट मारतो त्याच्या रेझिनमध्ये तेलातली फॅटी ॲसिड्स असतात आणि कडक अल्कलीने ती तुटायला लागतात, साबण बनवताना तेलाचं जे होतं तेच रंगाचं होतं, चमक जाते आणि रंग मऊ पडतो. खायचा सोडा सौम्य असतो, तरी आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाळलेली शीट कोरडी खरवडायची नाही, झाडायची पण नाही. तिच्या धुळीत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी असू शकते, सिटॅकोसिस या पक्ष्यांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचे जंतू असू शकतात, आणि वर्षानुवर्षं ती धूळ आणि पिसांचे कण श्वासात गेले तर काही लोकांना फुफ्फुसाची ॲलर्जी होऊन कायमचा दम लागतो. २०२५ च्या जुलैत मुंबईतले कबुतरखाने बंद करायचा निर्णय झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, त्या सगळ्या वादाच्या मुळाशी हीच धूळ होती. भावना कुणाची काहीही असो, साफ करणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेतच. घरात दम्याचा पेशंट असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांना या कामाला लावू नका, आणि थर बोटभर जाड झाला असेल तर सरळ माणूस बोलवा.

करायचं असं, शिटेवर ते पाणी हलकेच टाकायचं, जोरात फवारा मारायचा नाही. वर जुनं फडकं त्याच पाण्यात बुडवून पिळून पसरून ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं दुसरं काहीतरी करायचं. फडकं उचलल्यावर वरचा टणक पापुद्रा मऊ होऊन फुगलेला दिसतो, कडा सुटलेल्या असतात, मग जुन्या एटीएम कार्डने आडवं धरून उचललं की पोळी तव्यावरून सुटावी तसा निघतो. नाही निघाला तर जोर लावू नका, परत फडकं ठेवा. त्या पापुद्र्यात पक्ष्याने गिळलेले वाळूचे कण असतात, घासलं की ते रंगावर चरे पाडतात. शेवटी स्वच्छ पाण्याचं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं.

जांभळाच्या दिवसात बुलबुल आणि कोकिळा जांभळे डाग करून ठेवतात, त्यावर सोडा लावला की डाग निळसर-हिरवट होतो, घाबरू नका, जांभळातलं रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलतं एवढंच. उरलेल्या डागावर मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावता येतं.

ब्लीच मात्र शिटेवर थेट ओतू नका. जुन्या शिटेत जिवाणूंमुळे अमोनिया तयार झालेला असतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर पडलं तर क्लोरीन! बंद गॅलरीत हे खरंच जिवावर बेतू शकतं.

प्रेशरचा पाइप पण लाकडावर नको. पाणी चौकटीच्या सांध्यात घुसतं, रंगामुळे लवकर बाहेर पडत नाही आणि लाकूड आतून कुजायला लागतं. शीट साचून राहिली तरी तेच होतं, ती ओल धरून ठेवते, आणि त्यात वड-पिंपळाचं बी असेल तर पावसाळ्यात त्याच फटीतून रोप उगवतं. ते दोन पानांचं असतानाच उपटा, मूळ आत गेलं की सांधा उघडतो.

साफ झाल्यावर रंग उडालेला दिसला तर पॉलिश पेपर घ्यायच्या आधी घराचं वय आठवा. भारतात घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये शिसं कितीतरी जास्त असू शकतं. त्यामुळे कोरडं घासू नका, वॉटर पेपर ओला करून घासा, लहान मुलांना लांब ठेवा आणि तो गाळ फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाका. मग लाकूड दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळू द्या, उघड्या जागी प्रायमर लावा आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात मारा.