पावसाळ्यात केकवरचं फूल का घसरतं?

जुलै महिन्यात फोंड्यात साखरेच्या पाकाने केकवर चिकटवलेली गुलाबाची पाकळी बघता बघता खाली सरकू लागते. तीच पाकळी आणि तोच पाक नाताळच्या दिवसांत व्यवस्थित टिकतो. यात करणाऱ्याच्या हाताचा दोष नाही, फरक हवेचा आहे. केक शिकवताना हवेबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

साखरेचा स्फटिक हवेतली थोडी वाफ धरून ठेवतो आणि तरीही एका मर्यादेपर्यंत कोरडाच राहतो. २५ अंश सेल्सिअसला सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतूनच पाणी ओढतो आणि त्या पाण्यात विरघळायला लागतो. गोव्यात आषाढ-श्रावणात हवा पुष्कळदा या मर्यादेच्या वर असते. साखरेत ग्लुकोज, मध किंवा गूळ मिसळला तर मर्यादा आणखी खाली येते. फोंडंटमध्ये, म्हणजे केकवर पसरायच्या साखरेच्या मऊ आवरणात, ग्लुकोज सिरप आणि ग्लिसरीन असतंच, त्यामुळे त्याला पाणी सुटायला एवढा पाऊसही लागत नाही.

दुसरी अडचण पाकळीच्या पृष्ठभागाची. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि पान जरा कललं की घरंगळतो. गुलाबाच्या पाकळीवरही थेंब तसाच गोल राहतो, पण पाकळी उलटी केली तरी पडत नाही. २००८ मध्ये चिनी संशोधकांनी याचं कारण मांडलं. पाकळीवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर आणखी बारीक सुरकुत्या. पाणी मोठ्या खाचांत शिरतं, बारीक सुरकुत्यांत शिरत नाही. म्हणजे पाणीदार पाक पाकळीला धरतो खरा, पण तिच्यावर पसरत नाही.

अंड्याचा पांढरा भाग मात्र पसरतो. त्यातली प्रथिनं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि वाळल्यावर त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. बिबिंक या गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाला नुसता बलक लागतो, पांढरा भाग मागे उरतो. त्या उरलेल्या पांढऱ्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून त्याऐवजी पाश्चराइज्ड पांढऱ्याची पावडर घेणं बरं. श्रावणात अंडं चालत नसेल तर अरबी डिंकाचं दाट पाणीही असाच पापुद्रा धरतं. पण यांपैकी काहीही घेतलं तरी ते वाळावं लागतं, आणि भर पावसात वाळणार कसं?

म्हणून पावसाळ्यात माझं मत स्निग्ध पदार्थाच्या बाजूने आहे. वितळलेल्या चॉकलेटचा एक थेंब पाकळीवरच्या नैसर्गिक मेणावर सहज पसरतो, सुरकुत्यांत उतरतो आणि गार होताना तिथेच घट्ट बसतो. हवेतल्या वाफेशी त्याला फारसं देणंघेणं नाही. त्याला उष्णता मात्र सोसत नाही. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि लोणी त्याच्याही आधी मऊ पडतं. तेव्हा मे महिन्यात मांडवाखाली बटरक्रीमवर जड फूल लावू नये.

फ्रीजबद्दलही बोलायला हवं. हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते ते तापमान, २५ अंशांच्या आसपास येतो. ५ अंशांवरचा केक अशा हवेत आणला की त्यावर पाणी जमणारच. त्यामुळे फुलं आधी लावून केक फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा केक बाहेर काढून त्यावरचं पाणी सुकू द्यावं आणि फुलं अगदी शेवटी लावावीत. खुडलेलं फूल जिवंतच असतं. पेशींतल्या पाण्याच्या दाबावर पाकळी ताठ उभी राहते, आणि वातानुकूलित हॉलच्या कोरड्या हवेत तो दाब लवकर उतरतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. कुंपणावरची कण्हेर केकच्या जवळही नेऊ नका. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं आणि जिवावर बेतू शकतं. फूल खाल्लं नाही तरी देठाचा चीक क्रीममध्ये उतरतो. चाफ्याचा चीकही दाह करतो, त्यामुळे तो कितीही देखणा असला तरी केकवर नको. गुच्छाच्या दुकानातल्या गुलाबावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. म्हणून फवारणी न केलेल्या परसातला गुलाब, जास्वंदीच्या पाकळ्या किंवा गोकर्ण निवडावं. देठ केकमध्ये खुपसायचाच असेल तर तो आधी चॉकलेटमध्ये बुडवून गार करावा.

गोकर्णाच्या निळ्या फुलाबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्याचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि आम्ल लागलं की तो बदलतो. लिंबाच्या क्रीमवर ठेवलेली पाकळी ओल लागेल तिथे जांभळी पडत जाते. निळा रंग टिकवायचा असेल तर फुलाच्या खाली चॉकलेटचा पातळ थर द्या. त्या थरातून आम्लाचं पाणी सहसा वर येत नाही.