तारेची जाडी मोजू नका, वजन करा

बारावीच्या प्रात्यक्षिकात मीटर ब्रिजचा, म्हणजे तारेचा रोध मोजून तिच्या धातूची रोधकता काढायचा प्रयोग वाट्याला आला की मुलं खूश असतात. वाचनं थोडी, आकडेमोड सोपी आणि निक्रोमची रोधकता साधारण १.१ × १०⁻⁶ ओहम-मीटर येते हे आधीच पाठ. मग होतं असं, की उत्तर आधी ठरतं आणि वाचनं त्याच्यामागून येतात. अशी वही लगेच ओळखू येते. तिच्यातली सगळी वाचनं एकमेकांशी फारच गुण्यागोविंदाने नांदत असतात.

रोध म्हणजे तार विजेला करते तो अडथळा, हा तारेच्या त्या तुकड्याचा गुण असतो. तुकडा लांब घेतला की तो वाढतो, जाड घेतला की कमी होतो. रोधकता मात्र धातूची असते. रोधाला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि लांबीने भागायचं, की ती मिळते. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर, निक्रोमची त्याच्या जवळपास पासष्ट पट. म्हणून घराच्या वायरिंगला तांबं आणि इस्त्रीच्या कॉइलला निक्रोम. लांबी आणि रोधाचं हे नातं ज्याने तपासलं तो जॉर्ज ओहम स्वतः जर्मनीतल्या कलोनमधला शाळामास्तर होता. त्या काळच्या बॅटरीचा विद्युतदाब सतत बदलायचा. त्यामुळे १८२६ मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. असा स्थिर दाब मिळाल्यावर त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या.

आपल्या मुलांना तेवढी यातायात करावी लागत नाही, कारण मीटर ब्रिजला बॅटरीचा दाब नेमका किती हे ठाऊक असण्याची गरजच नाही. लाकडी फळीवर एक मीटर लांबीची तार ताणलेली, एका फटीत आपली तार, दुसऱ्या फटीत ठाऊक रोधांची पेटी, म्हणजे रेझिस्टन्स बॉक्स. जॉकी, म्हणजे हातात धरायचं धातूचं टोक, ताणलेल्या तारेवर टेकवत जायचं आणि वीज वाहते का ते दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईल ती जागा शोधायची. त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या लांबींचं जे गुणोत्तर, तेच दोन रोधांचं. काटा शून्यावर असल्याने गॅल्व्हानोमीटर किती अचूक आहे याचीही फिकीर नाही. पथ्यं दोनच. जॉकी टेकवायचं, घासत न्यायचं नाही, नाहीतर तार ठिकठिकाणी झिजते. आणि बॉक्समधला रोध असा निवडायचा की शून्याची जागा मधोमध येईल. ५० सेंटिमीटरपाशी एक मिलिमीटर चुकलं तर उत्तरात ०.४ टक्के फरक पडतो, ९० पाशी तेच एक टक्क्यावर जातं.

एवढं सांभाळूनही उत्तर बिघडतं ते तारेचा व्यास मोजणाऱ्या स्क्रू गेजपाशी.

२८ गेजची निक्रोम तार घ्या. तिचा व्यास ०.३७६ मिलिमीटर, एक मीटरचा रोध सुमारे ९.९ ओहम. शाळेतला स्क्रू गेज मोजतो ०.०१ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे एकाच तारेला एक जण ०.३७ म्हणेल, दुसरा ०.३८, आणि दोघेही प्रामाणिक असतील. पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. पहिल्याची रोधकता १.०६ × १०⁻⁶ निघेल, दुसऱ्याची १.१२ × १०⁻⁶. एका घराच्या फरकाने साडेपाच टक्के! लांबी मोजताना मिलिमीटरभर चूक झाली तर फरक एक दशांश टक्का. तोंडी परीक्षेत ‘व्यास दोन काटकोनातल्या दिशांनी का मोजलास?’ असं विचारतात ते उगाच नाही. तार अगदी गोल नसते, त्यात रॅचेट (स्क्रू जास्त आवळू न देणारी टोकाची कळ) न वापरता स्क्रू आवळला की ती चेपतेही.

इथे सोलापूरच्या मुलांना घरचाच एक उपाय सुचायला हरकत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला विचारा, सूत किती जाड आहे ते कसं ओळखता? तो सुताला स्क्रू गेज लावत नाही. १२० वार सूत मोजून घेतो आणि काट्यावर टाकतो. ८४० वारांची एक लडी (१२० वार म्हणजे तिचा सातवा भाग), अशा किती लड्या मिळून एक पौंड भरतो, तो सुताचा काउंट. म्हणून वीस काउंटपेक्षा चाळीस काउंटचं सूत बारीक. तारेच्या गेजचंही तसंच, आकडा वाढला की तार बारीक. यंत्रमागाच्या मोटारी भरणारा वाइंडिंगवाला त्याच आकड्याने तार मागतो.

तर तारही तोलावी. वजनाला घनतेने आणि लांबीने भागलं की क्षेत्रफळ हातात, व्यासाची आणि वर्गाची भानगडच नाही. आपली २८ गेजची तार दहा मीटर घेतली तर भरेल ९.३ ग्रॅम. दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या सराफी काट्यावर हे वजन एक दशांश टक्क्याच्या आसपास अचूक मिळतं. शिवाय स्क्रू गेज तारेला चार-पाच ठिकाणीच भेटतो, काटा सगळ्या दहा मीटरचा सरासरी हिशेब देतो. अडचण एकच. निक्रोम हा मिश्रधातू, निकेल-क्रोमियमचं प्रमाण बदलतं तशी त्याची घनताही घनसेंटिमीटरला ८.२ ते ८.४ ग्रॅम अशी बदलते. ही अनिश्चितता सुमारे २.४ टक्क्यांची, म्हणजे स्क्रू गेजच्या निम्म्याहून कमी.

तांब्याची घनता मात्र पक्की, ८.९६. मग प्रयोगाला तांबंच का नाही? कारण २८ गेजच्या एक मीटर तांब्याचा रोध जेमतेम ०.१५ ओहम भरतो. जोडतारा आणि स्क्रूंखालचा मळ यांचाच रोध त्याच्या बरोबरीला येऊ शकतो. त्यावर तोड आहे. वाइंडिंगची तेरा मीटर तार पुठ्ठ्यावर गुंडाळली की सुमारे दोन ओहम मिळतात. टोकांचं इनॅमल पॉलिशपेपरने खरवडायचं, नाहीतर वीज जाणारच नाही.

हे वेटोळं ठेवून द्यावं. जानेवारीत सकाळी, प्रयोगशाळेत २२ अंश असताना बॉक्समधला दोन ओहम लावून शून्याची जागा नोंदवायची. मग मे महिन्यात दुपारी, पारा ४२ वर असताना, तीच जोडणी पुन्हा करायची. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे वीस अंशांत पावणेआठ टक्के. शून्याची जागा जवळजवळ दोन सेंटिमीटर सरकलेली दिसेल. बॉक्सच्या आतली वेटोळी मँगॅनिनसारख्या मिश्रधातूची असल्याने उन्हाळ्यातही त्यांचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. निक्रोमची तारही त्याच उन्हाळ्यात एक टक्क्याच्या आतच बदलते. शुद्ध तांब्यात अणूंची मांडणी नीटनेटकी असते, इलेक्ट्रॉनच्या वाटेत येते ती मुख्यतः उष्णतेने थरथरणाऱ्या अणूंमुळे होणारी अडवणूक, आणि उन्हाळ्यात ती थरथर वाढते. निक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियमचे अणू आधीच सरमिसळ बसलेले असतात. तिथे इलेक्ट्रॉनची वाट बारा महिने अडलेलीच असते, मे महिना त्यात फारशी भर घालू शकत नाही.