मैवंदची लढाई

मैवंदची लढाई : दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात (१८७८–८०) कंदाहारच्या वायव्येस सु. ७० किमी. वर २७ जुलै १८८० रोजी झालेली लढाई. तीत सरदार अयूबखानाने ब्रिगेडियर जनरल जॉर्ज बरोज याच्या फौजेचा दारुण पराभव केला. बरोजच्या फौजेत मुंबई सैन्याच्या पलटणींचा भरणा होता.

अयूबखान हा अफगाणिस्तानचा अमीर (राजा) शेरअलीचा मुलगा व हेरातचा सुभेदार. त्याचा भाऊ याकूबखान याने गंडामकच्या तहाने (मे १८७९) परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती दिले आणि काही महिन्यांतच गादी गमावली. २२ जुलै १८८० रोजी इंग्रजांनी अब्दुर रहमानला अमीर म्हणून मान्यता दिली. तोवर अयूबखान हेरातहून निघालेला होता. कंदाहारच्या वलीची (इंग्रजांनी मान्य केलेल्या शासकाची) फौज गिरिश्कजवळ बंड करून उठली; तिच्याकडून काढून घेतलेल्या गुळगुळीत नळीच्या तोफा बरोजने आपल्या तोफखान्यात घेतल्या.

बरोजपाशी सु. अडीच हजार लढते सैनिक होते. अयूबखानाचे सैन्य काही इंग्रजी वृत्तांतांत २५,००० पर्यंत जाते; हा आकडा पराभूत बाजूचा असल्याने जपूनच घ्यावा. त्यात कवायती फौज थोडी, गाझी (धर्मयोद्धे) व टोळीवाले अधिक असावेत.

फळी नेमकी कशामुळे फुटली, हा वादाचा मुद्दा. इंग्रजी फळीसमोर एक खोल नाला होता; अफगाणांनी त्याच्या आडोशाने तोफा अगदी जवळ आणल्या. ऊन कडक, पाणी नाही. दुपारी दीड-दोनच्या सुमारास गुळगुळीत तोफांचा दारूगोळा संपला आणि त्या मागे घेतल्या गेल्या. डाव्या टोकाला जेकब्ज रायफल्स या देशी पलटणीच्या दोन कंपन्या होत्या, त्यांत नवे रंगरूट बरेच. तोफा माघारी जाताना दिसल्या, गाझी चालून आले, आणि या कंपन्या शेजारच्या बॉम्बे ग्रेनेडियर्सवर कोसळल्या. ‘देशी शिपाई डगमगला’ असा ठपका पुढे ठेवला गेला. तो एकांगी वाटतो. ग्रेनेडियर्सचे साडेतीनशेहून अधिक जण पडले, सहासष्टाव्या गोऱ्या पलटणीचे पावणेतीनशेहून अधिक. पळणाऱ्या पलटणीचा हिशेब असा नसतो. शिवाय गोऱ्यांच्या हाती नवी मार्टिनी-हेन्री रायफल, देशी शिपायांच्या हाती जुनी स्नायडर. दोष मांडणीचा व दारूगोळ्याच्या तरतुदीचा मानणे अधिक सयुक्तिक. जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती असताना (१८८५–९३) भरती उत्तरेकडील ‘लढवय्या’ जातींकडे वळली व १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. मैवंदशी त्याचा थेट संबंध दाखवणे कठीण. पण मुंबईच्या पलटणींविषयीच्या प्रतिकूल मताला या पराभवाने बळ मिळाले असावे.

खिग गावाबाहेरच्या बागेत सहासष्टाव्या पलटणीचे अखेरचे अकरा जण लढत मेले. इंग्रजांचे एकूण सु. ९६०–७० सैनिक ठार झाले. अफगाण हानीचे अंदाज दोन हजारांच्या पुढे जातात.

आपल्या ओढणीचे निशाण करून पश्तूनांना धीर देणारी मलालई अफगाणिस्तानात घरोघरी माहीत आहे. तिची कथा मुख्यतः विसाव्या शतकातील लेखनातून रूढ झाली असावी. समकालीन इंग्रजी अहवालांत तिचा उल्लेख आढळत नाही. मलाला युसुफझाईचे नाव हिच्यावरूनच ठेवलेले.

विजयानंतर अयूबखानाने कंदाहारला वेढा घातला. काबूलहून सु. ५०० किमी. मजल मारत आलेल्या रॉबर्ट्सने १ सप्टेंबर १८८० रोजी त्याला हरवले. १८८१ मध्ये अयूबखानाने कंदाहार घेतले, पण अब्दुर रहमानने ते त्याच वर्षी परत मिळवले. अयूबखान इराणात गेला, नंतर इंग्रजांच्या आश्रयाने हिंदुस्थानात राहिला. १९१४ मध्ये तो लाहोरला वारला. त्याची कबर पेशावरला आहे.