अफवा वेगळी, कटकथा वेगळी

मोबाईलवर फिरलेलं काही खोटं निघालं की आपण ‘अफवा होती’ म्हणून मोकळे होतो. पण ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ आणि ‘आपला पाऊस विमानं फिरवून पळवतात’ या दोन गोष्टींची जातकुळीच वेगळी आहे.

पहिली अफवा. तिला घाई असते. टोळी आज आलीय, मीठ उद्या संपणार, चिकन खाल्लं की कोरोना. ऐकणाऱ्याने लगेच काहीतरी करावं एवढंच तिचं मागणं. टोळी कुणाची, कशासाठी, हे ती सांगत बसत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात हेच झालं. रविवार, आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बसमधून उतरले. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज आधीपासून फिरत होतेच. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, तेवढं पुरलं. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. हे कोण, कुठले, एवढी चौकशी करण्याइतकाही वेळ जमावाने घेतला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अफवेची सगळी ताकद वेगात असते, म्हणून तिच्यावर हा उपाय चालतो.

अफवा लवकर मरतेही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला विचारा. २००६ च्या फेब्रुवारीत तिथल्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू खरोखरच सापडला, देशातला पहिला. २०२० मध्ये चिकनमधून कोरोना होतो असं उठलं आणि पोल्ट्रीवाल्यांचा धंदा पुन्हा बसला, तोही कोंबड्यांना रोग नसताना. पुढे लोक खायला लागले, कुणाला काही झालं नाही, आणि विषय संपला.

दुसरी कटकथा, म्हणजे घडणाऱ्या गोष्टीमागे कुणाचा तरी छुपा कट आहे असं सांगणारी गोष्ट. ती अशी संपत नाही. पावसाने ओढ दिली की शिंदखेड्याकडच्या एखाद्या ओट्यावर ऐकू येतं, “ढग येतात भो, पण विमान फिरवून पांगवून टाकतात. वरून सेटिंग आहे.” कुणाची सेटिंग? कधी विमा कंपनी, कधी व्यापारी, कधी सरकार. गंमत म्हणजे यात एक वीट खरी आहे: राज्य सरकारने २००३ मध्ये, मग २०१५ आणि २०१९ मध्येही विमानातून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले होते. फक्त ते पाऊस पाडण्यासाठी होते. त्यात ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे बारीक कण सोडतात, आणि ढगात मुळात पाणी असेल तरच त्याचा काही उपयोग. ढग हाकलायला ते कामाचं नाही. घाटाच्या अंगाला असलेल्या नवापुरात धो धो आणि धुळे-शिंदखेड्यात कोरडं, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा खेळ. तो विमानं येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

हे सांगून पाहा. उत्तर येतं, “तुम्हाले तेच सांगतीन ना!” म्हणजे पुरावा दिला की देणाराच कटात सामील. चंद्रावरून आणलेले ३८२ किलो दगड-माती दाखवली तरी १९६९ चं चांद्रावतरण स्टुडिओत घडलं म्हणणारे हटत नाहीत, ते याच कारणाने.

प्रत्येक न पटलेली गोष्ट मात्र कटकथेत ढकलू नये. नेताजींच्या मृत्यूवर तीन चौकशा झाल्या. पहिल्या दोन्हींनी १८ ऑगस्ट १९४५ चा विमान अपघात मान्य केला, तिसऱ्या मुखर्जी आयोगाने नाकारला, आणि सरकारने तो अहवालच फेटाळला. आयोगांतच मेळ नसेल तर लोकांनी शंका घेतली यात नवल काय? ‘नेताजी जिवंत आहेत’ ही आशा मग पुस्तकांत, सिनेमांत, घराघरांतल्या गप्पांत पिढ्यान्‌पिढ्या जगली.

अफवेचं नुकसान एका दिवसात दिसतं. कटकथा हळूहळू बोलण्यातच मुरते: मॅच हरली, सेटिंग, भरतीत नाव नाही, सेटिंग. आणि भरतीचे पेपर खरोखर फुटतात, म्हणून ‘सेटिंग’ म्हणणाऱ्या माणसाला हसण्यावारीही नेता येत नाही. खरे कट असतातच. अमेरिकेतलं वॉटरगेट घ्या: १९७२ मध्ये विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी, मग पत्रकार, न्यायालय, राष्ट्राध्यक्षांच्या संभाषणाच्या टेप, आणि १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा. तिथे नावं होती, कागद होते, फुटलेले साक्षीदार होते.

त्यामुळे टोळीचा मेसेज आला तर पुढे न पाठवता पोलीस ठाण्यात फोन लावावा. विमानवाल्या गोष्टीला फोनने काही होत नाही. तिथे वाद न घालता एवढंच विचारावं: काय दिसलं तर हे खोटं आहे असं तुम्ही मानाल?