गावातलाच समुपदेशक, पण एकटा नव्हे

गोव्यातल्या खोतीगाव, नेत्रावळी किंवा मोरपिर्ल्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी समाजांच्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञ हवा असेल तर मडगाव नाहीतर बांबोळी गाठावी लागते. अख्खा दिवस जातो, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. दर आठवड्याला हे कुणालाच जमत नाही. म्हणून उपचाराचा पहिला टप्पा गावातच हवा.

तो शक्य आहे, याचा पुरावा गोव्यानेच दिला आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतलेली चाचणी 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या प्रौढ रुग्णांना दर आठवड्याला 30 ते 40 मिनिटे, अशा 6 ते 8 बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या 64 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना या बैठका मिळाल्या नाहीत त्यांच्यात 39 टक्के.

पद्धतीमागचे तत्त्व सोपे आहे. उदास माणूस कामे टाळतो, माणसे टाळतो. त्यामुळे आनंदाचे क्षण कमी होतात आणि उदासी वाढते. ही साखळी कृतीच्या बाजूने तोडायची. 'सकाळी बागायतीत अर्धा तास', 'रविवारी मित्रांसोबत फुटबॉल' अशी छोटी, दिवस-वेळ ठरलेली कामे लिहून द्यायची आणि पुढच्या बैठकीत आधी त्यांचीच चौकशी करायची. 'मन रमव' असा मोघम सल्ला इथे निरुपयोगी ठरतो.

चाचणी प्रौढांची होती, म्हणून मुलांसाठी ती जशीच्या तशी उचलता येत नाही. नैराश्य ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाळणीची (PHQ-9) किशोरांसाठीची आवृत्ती वापरावी आणि प्रश्न घरच्या कोंकणीत विचारावेत. मागच्या दोन आठवड्यांतला थकवा, झोप, भूक मोजताना लावणीचे दिवस किंवा परीक्षा चालू आहेत का, हे पाहावे. नाहीतर कष्टाचा थकवा आजार म्हणून नोंदला जातो. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याचे उत्तर शून्य नसेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी सविस्तर बोलायचे, मुलाला एकटे सोडायचे नाही, कीटकनाशक कुलपात ठेवायला घरच्यांना सांगायचे आणि डॉक्टरांशी संपर्क साधायचा.

सर्वांत जास्त बिघाड गोपनीयतेत होतो. समुपदेशक गावचाच, म्हणजे कुणाची तरी आतेबहीण किंवा शेजारीण. म्हणून प्रत्येक मुलाला शेजारच्या वाड्यावरच्या समुपदेशकाकडे जाण्याचा पर्याय असावा. बैठक आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत चालेल. घराच्या ओसरीवर नाही. जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर गोष्ट पुढे सांगावी लागेल, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट करायचे.

दुसरा बिघाड प्रशिक्षणानंतर सुरू होतो. शिबिर संपले की समुपदेशक एकटे पडतात, हळूहळू उपदेश करू लागतात आणि एखाद्या आत्महत्येच्या धक्क्याने स्वतःही कोलमडतात. गोव्यातल्या त्या कार्यक्रमात समुपदेशक नियमित एकत्र बसत, परवानगीने ध्वनिमुद्रित केलेली बैठक ऐकत आणि तिला गुण देत. पैसे कमी पडले तर पोस्टर छापू नका, पण समुपदेशकांचे हे एकत्र बसणे चुकवू नका.

उपाय व्यक्तीपुरते ठेवूनही भागत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात चँडलर आणि लालोंद या संशोधकांनी 1998 मध्ये 196 आदिवासी समुदायांचा अभ्यास मांडला. स्वशासन, जमिनीचे दावे, शाळा, आरोग्यसेवा यांवर समाजाचा जेवढा ताबा, तेवढ्या तरुणांच्या आत्महत्या कमी. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. घरच्या वनहक्क दाव्याची चिंता करणाऱ्या मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवून भागणार नाही. घरच्यांना वनहक्क समितीपर्यंत नेणे हेही समुपदेशकाचे काम. मांडावर, म्हणजे गावाच्या उत्सवाच्या सामायिक जागेवर, धालो, शिगमो या सणांची तयारी होते, तेव्हा एकट्या पडलेल्या मुलाला तिथे काम देता येते, पण त्याची इच्छा विचारून. समुपदेशनाची चर्चा मात्र मांडावर नको.

रात्रीबेरात्री संकट आले तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. जंगलालगतच्या वाड्यांवर रेंज कुठे मिळते ती जागा आधी पाहून ठेवावी आणि घरातल्या दोघांना तरी दाखवावी.