रियाजाच्या खोलीचे ध्वनिशास्त्र

विद्यापीठातील संगीत विभाग पाहायला आलेल्या पाहुण्यांना बहुधा सर्वप्रथम सभागृह दाखवले जाते आणि तेथील उंच छत, लाकडी भिंती व रंगमंच पाहून विभागाचा दर्जा ठरवला जातो. विद्यार्थी मात्र त्या रंगमंचावर वर्षातून मोजक्याच वेळा उभा राहतो. त्याचे रोजचे तास जातात ते रियाजाच्या लहानशा खोलीत. म्हणून इमारतीचा विचार त्या खोलीपासून सुरू व्हावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण ध्वनीच्या वर्तनात आहे.

बंद जागेत उमटलेला ध्वनी भिंती, छत व जमीन यांवरून पुन्हा पुन्हा परावर्तित होत हळूहळू विरतो. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात, आणि ध्वनीची पातळी 60 डेसिबेलने उतरायला जो वेळ लागतो त्याला निनादकाल. त्याचे गणित एका विद्यापीठाच्याच अडचणीतून हाती आले. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. 1895 मध्ये हे दुखणे दूर करण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. दुसऱ्या एका नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून ते दालनात ठेवत आणि ऑर्गनच्या नळीचा स्वर थांबवल्यानंतर तो किती वेळ ऐकू येतो हे मोजत. रिकाम्या दालनात साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळणारा स्वर सगळीकडे गाद्या पसरल्यावर सेकंद-सव्वा सेकंदावर आला. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही मोजमाप बदलते हे लक्षात आल्यावर त्यांनी आधीची निरीक्षणे बाद केली आणि पुढे ठरावीक कपड्यांतच मोजणी केली. या चिकाटीतून निघालेला नियम साधा आहे: निनादकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तिच्यातील एकूण शोषणाच्या, म्हणजे भिंती, वस्तू व माणसे मिळून जेवढा ध्वनी शोषून घेतात त्याच्या, व्यस्त प्रमाणात असतो.

या नियमामुळेच एकच जागा सर्व कामांना पुरत नाही. व्याख्यान स्पष्ट ऐकू येण्यासाठी निनादकाल सेकंदाहून कमी लागतो. लहान वाद्यमेळाला दीड सेकंदाच्या आसपासचा निनाद खुलवतो, तर मोठ्या वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंद हवे असतात. सभागृहात श्रोते हेच मोठे शोषक असतात. 3000 घनमीटरच्या सभागृहात 300 श्रोते बसले, तर दीड सेकंदाच्या निनादकालासाठी लागणाऱ्या शोषणापैकी जवळजवळ निम्मे त्यांच्याकडूनच होते. रिकाम्या सभागृहातील तालीम आणि प्रत्यक्ष मैफल यांतले अंतर कमी व्हावे म्हणून आसने जाड गादीची ठेवतात, कारण रिकामी गादी माणसाइतका नाही तरी बराच ध्वनी शोषते. शिवाय भिंतींवर सरकते जाड पडदे असले, तर सकाळी व्याख्यान आणि संध्याकाळी गायन अशी सोय एकाच दालनात काही अंशी साधता येते.

लहान खोलीचा प्रश्न निराळाच आहे. तेथे खालच्या स्वरांची तरंगलांबी खोलीच्या मापाशी जुळते. 2.4 मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 71 हर्ट्झला अनुनाद होतो, म्हणजे त्या कंपनसंख्येचा स्वर खोलीतच बळावतो, आणि तिन्ही मापे सारखी असल्यामुळे तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच कंपनसंख्येवर साचतात. चेलो या गजाने वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याच्या सर्वांत खालच्या स्वराच्या तारेवरचा 73 हर्ट्झचा स्वर अशा खोलीत भिंतीजवळ घुमतो आणि मध्यभागी दुबळा वाटतो. विद्यार्थी त्याप्रमाणे गजाचा दाब कमीजास्त करतो आणि खोलीचा दोष त्याच्या हातात सवय बनून उतरतो. मला याचे सर्वाधिक वाईट वाटते, कारण ही सवय नंतर शिक्षकाला सोडवावी लागते. खोलीची मापे एकमेकांच्या पटीत नसणे आणि समोरासमोरच्या भिंती किंचित तिरप्या असणे एवढ्यानेही बराच फरक पडतो. पातळ पडदे केवळ वरचे स्वर शोषतात. खालच्या स्वरांसाठी मागे पोकळी ठेवून बसवलेले फळीचे शोषक लागतात.

कानांचाही विचार करावा लागतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबेलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबेलला 1 तासच उरतो. ट्रम्पेट किंवा ड्रम टणक भिंतींच्या छोट्या खोलीत ही पातळी सहज ओलांडतात. खोलीतील शोषण दुप्पट केले तर परावर्तित आवाज सुमारे 3 डेसिबेलने उतरतो.

शिकवण्याच्या वर्गाची गरज तुलनेने सोपी आहे: निनाद आटोपशीर असावा आणि हवा खेळवणारी यंत्रणा शांत असावी, म्हणजे शिक्षकाने हळू आवाजात दाखवलेला स्वरांतील सूक्ष्म फरक मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

शेजारच्या खोलीचा आवाज अडवण्यासाठी पुष्कळदा भिंतीला स्पंज चिकटवला जातो. स्पंज खोलीतला निनाद कमी करतो, परंतु ध्वनीला पलीकडे जाण्यापासून फारसे रोखत नाही. त्यासाठी वजन लागते. भिंतीचे वस्तुमान दुप्पट केले की साधारण 6 डेसिबेल अधिक अडतात. मध्ये पोकळी ठेवून उभ्या केलेल्या दोन सुट्या भिंती आणि रबरावर तरंगती ठेवलेली जमीन याहून अधिक परिणामकारक ठरते. तरीही भिंतीच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का एवढी उघडी फट राहिली, तर भिंत कितीही जाड असो, 20 डेसिबेलपेक्षा अधिक आवाज अडत नाही. म्हणून खोली ताब्यात घेताना सर्वांत आधी दाराखालची रबरी पट्टी वाकून तपासावी.